हान्स माझ्या बाजूचा नव्हता

फिट येण्याआधी कुत्र्याला चाहूल लागते, हे मला कित्येक वर्षं निव्वळ भाबडेपण वाटायचं. माझ्या आत्याला अपस्मार आहे. फिट आली की तिच्या नाकाला कांदा नाहीतर चप्पल लावणाऱ्यांना हटकणारा घरातला शहाणा मीच. त्याच ऐटीत काळू या कुत्र्याची गोष्टही मी अंधश्रद्धेच्या गाठोड्यात बांधून टाकली. आत्या म्हणायची, "काळू पायाशी येऊन कुंकुं करायला लागला, की मी चुलीपासून उठते." मी म्हणायचो, "अगं, एरवीही तो कुंकुं करतच असेल. तुझ्या लक्षात राहत नाही." फिट येणाऱ्या बाईला असं म्हणताना माझी जीभ जराही अडखळली नाही.

वादासाठी माझ्याकडे हुकमी उदाहरण होतं, बर्लिनच्या हान्स घोड्याचं. तो खूर आपटून गणितं सोडवायचा. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्टने १९०७ साली दाखवून दिलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर हान्सही चुकतो. झालं, माझ्या दृष्टीने विषय संपला.

पुढे फुंग्स्टचं म्हणणं नीट वाचलं तेव्हा मात्र चपापलो. खुरांचा आकडा बरोबर उत्तराशी पोचला, की विचारणाऱ्याचं डोकं किंचित वर होई. इतकं किंचित, की ते त्याचं त्यालाही कळत नसे. हान्स तेवढंच टिपून थांबायचा. घोड्याला गणित येत नव्हतं, एवढंच मी पाठ केलं होतं. त्याला जे येत होतं, ते सोयीस्करपणे गाळलं होतं. माणसाच्या अंगातला जो बदल माणसाला उमगत नाही, तो जनावराला दिसू शकतो. आत्या याहून वेगळं काय सांगत होती? तिला खोटं पाडायला मी आणलेला साक्षीदार तिच्याच बाजूने बोलत होता. आणि मुळात माझा अविश्वास कुत्र्यावर नव्हताच, तिच्यावर होता.

पुढचं वाचन या खजिलपणातून झालं. फ्रान्समधल्या रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली पाच प्रशिक्षित कुत्र्यांसमोर रुग्णांच्या घामाचे आणि श्वासाचे नमुने ठेवले: झटक्याचे, व्यायामानंतरचे, एरवीचे. तीन कुत्र्यांनी झटक्याचा नमुना दर वेळी ओळखला, दोघांनी साधारण तीनपैकी दोनदा.

अर्थात, झटक्याचा वास ओळखणं म्हणजे झटका आधी ओळखणं नव्हे. शिवाय २००७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असेही रुग्ण नोंदवले, की कुत्रा सूचना देई, पण तपासणीत त्यांचे झटके अपस्माराचे नव्हे, मानसिक कारणांचे निघाले. तेव्हा कुत्र्याच्या भरवशावर गोळी चुकवायची नाही, हे मी आजही आत्याला बजावतो.

काळू आता नाही. तो कधी कुंकुं करायचा, त्यानंतर किती वेळाने फिट यायची, कधी आलीच नाही, याची साधी वही ठेवता आली असती. आत्या दर वेळी सांगत होती. पुरावा मागणाऱ्या मी एकदाही पेन उचललं नाही.