सही कुणाची?

दिवाळीच्या सुट्टीत मी भिलाईला घरी गेलो होतो. बाबा इथल्या पोलाद कारखान्यात आहेत. १९५९ साली त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. २०१६ पासून भिलाईच्या नावाची आयआयटीही आहे. तिथे डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवतात. शेजारचा दादा तिथेच शिकतो.

मी त्याला ऐटीत सांगितले, "सेक्शन कमांडर म्हणून पहाऱ्याची यादी मी एआयकडून दोन मिनिटांत करून घेतो."

दादा हसला. "प्रोग्रामही तसाच मिळतो रे. पण व्हायव्हात सर एका ओळीवर बोट ठेवून विचारतात, ही का लिहिलीस? तिथे उत्तर मलाच द्यावे लागते."

मी गप्प झालो. मागच्या सत्रात त्या यादीने एका ज्युनिअरला रात्रीचा पहारा लावला होता. त्याचा ताप आदल्याच दिवशी उतरला होता. यादीला ते ठाऊक नव्हते, मला होते. तरी न वाचताच मी सही केली. पहाऱ्यावर त्याला चक्कर आली.

रात्री हे बाबांना सांगितले. ते म्हणाले, "भट्टीचे तापमान आम्हालाही संगणकच दाखवतो. पण पाळी बदलताना वहीत सही माणसाची लागते."

परत आल्यावर मी आधी त्या ज्युनिअरची माफी मागितली. यादी आजही एआयच करतो. फक्त सही करण्याआधी मी बराकीत एक फेरी मारतो आणि प्रत्येकाला विचारतो, "बरा आहेस ना?"

मित्रांनो, उद्या आपण खडकवासल्याला जाऊ किंवा आयआयटीत, यंत्र सोबत असेलच. उत्तर मात्र आपल्यालाच द्यायचे आहे.