बेल्ट मागे, विमान पुढे

संपादकांना हवा होता भिवंडीच्या गोदामांवर लेख. माणकोलीपासून पडघ्यापर्यंत भाताची शेतं जाऊन पत्र्याच्या शेडी कशा उभ्या राहिल्या, मुंबईच्या जकातीबाहेर राहायला आलेला माल 2017 मध्ये जकात गेल्यावरही इथेच कसा राहिला, वगैरे. ते कुणीही लिहील. मी या गोदामांमध्ये कन्व्हेयर बसवतो आणि गेल्या पावसाळ्यापासून माझ्या डोक्यात एक विमान अडकून बसलंय.

एका गोदामात नवा सॉर्टर चालू करून देत होतो. चहाच्या सुट्टीत कुणीतरी मोबाइलवरचा जुनाच प्रश्न काढला. विमान एका लांबलचक बेल्टवर उभं आहे. विमान जितक्या वेगाने पुढे जाईल, तितक्याच वेगाने बेल्ट मागे पळेल. तर विमान उडेल का? दहा मिनिटांत दोन तट पडले. बहुसंख्यांचं मत, ‘जागच्या जागी चाकं फिरतील, उडेल कसं?’ मग सगळे माझ्याकडे वळले. ‘साहेब, तुम्ही बेल्टवाले, तुम्हीच सांगा.’

उडेल, असं मी म्हणालो. कुणालाही पटलं नाही. आयुष्य बेल्टवर काढलेल्या माणसापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चित्रावर लोकांचा विश्वास जास्त, याची आता सवय झाली आहे.

मोटारीचं इंजिन चाकं फिरवतं. चाक रस्त्याला मागे रेटतं, म्हणून मोटार पुढे जाते. तिच्याखालचा रस्ताच मागे पळाला तर ती जागीच राहील, हे खरं. विमानाच्या चाकांना मात्र इंजिन जोडलेलंच नसतं. ती बेअरिंगवर मोकळी फिरतात, आमच्या बेल्टखालच्या आयडलर रोलरसारखी. विमानाचं इंजिन हवा मागे ढकलतं आणि त्या बळावर विमान पुढे सरकतं. खाली डांबर आहे की रबर, याच्याशी त्या ढकलण्याचा संबंध नाही.

मग चार चाकांची मालाची ट्रॉली चालत्या बेल्टवर ठेवली, दांडीला सुतळी बांधली आणि टोक एका पोराच्या हातात दिलं. त्याने ती दोन बोटांत धरली. ट्रॉली जागेवर, चाकं गरागरा. व्हीएफडीवरून, म्हणजे वेगाच्या नियंत्रकावरून, मोटरचा वेग दुप्पट केला, तरी त्याच्या बोटांवरचा ताण जेमतेम वाढला. ‘आता ओढ.’ त्याने ओढली आणि ट्रॉली बेल्टच्या उलट्या दिशेने सुरळीत पुढे आली. सुतळी म्हणजे विमानाचं इंजिन, एवढंच सांगायचं होतं.

आकडेही देतो, संपादकांनी माफ करावं. एअरबस ए-320 भरलेलं असेल तर साधारण 78 टन. दोन्ही इंजिनं मिळून सुमारे 24 टनांचा जोर लावतात. चाकांचा घर्षणरोध वजनाच्या एकदोन टक्के, म्हणजे टन-दीड टन. बेल्ट मागे पळाल्याने चाकं दुप्पट वेगाने फिरली तरी हा रोध काही दुप्पट होत नाही. चोवीस टनांसमोर त्याची काय मातब्बरी? 2008 मध्ये ‘मिथबस्टर्स’ या टीव्ही कार्यक्रमाने एका छोट्या हलक्या विमानाखालचं लांब कापड ट्रकने उलट्या दिशेने ओढून हा प्रयोग केला. विमान उडालं. गंमत म्हणजे ते चालवणाऱ्या वैमानिकालाही ते उडणार नाही असंच वाटत होतं.

आता माझा लाडका मुद्दा. तो गाळा, असं घरचे म्हणाले, गाळणार नाही. हा प्रश्न दोन प्रकारे फिरतो आणि भांडणारे बहुधा दोन वेगळ्या प्रश्नांवर भांडत असतात. बेल्टचा वेग ‘विमानाच्या वेगाइतका’ असेल तर उत्तर वर दिलं. पण कधीकधी तो ‘चाकाच्या वेगाइतका’ असतो, आणि तिथे सगळं बिघडतं. चाकाच्या कडेचा वेग म्हणजे विमानाचा वेग अधिक बेल्टचा वेग. तो बेल्टच्या वेगाइतकाच ठेवायचा तर विमानाचा वेग शून्य असायला हवा. म्हणजे विमान हलणार नाही हे उत्तर प्रश्नातच पेरलेलं आहे! प्रत्यक्षात विमान ताशी एक किलोमीटरने जरी सरकलं, तरी चाक बेल्टच्या एकाने पुढेच राहणार. कंट्रोलर ते गाठायला बेल्टचा वेग वाढवणार, चाक पुन्हा पुढे. अशी फीडबॅकची वायरिंग कुणी माझ्याकडे मागितली तर मी सही करणार नाही. अनंत वेगाकडे पळणारी मोटर अजून कुठल्या कंपनीने काढलेली नाही.

इथे एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, चाकांची गती सतत जोरात वाढवत ठेवली तर त्यांचं जडत्व विमानाला मागे खेचेल. खेचेल, कागदावर. पण इंजिनाचा सगळा जोर तसा अडवायचा तर एका सेकंदाच्या आत टायर मर्यादेबाहेर जातील. अशा विमानांचे टायर ताशी सुमारे 360 किलोमीटरपर्यंतचे असतात. उड्डाणाचा वेग 270च्या आसपास, त्यामुळे पहिल्या, साध्या प्रकारातही ते ताशी 540ने फिरतील. टायरची शंका कुणी काढली असती तर मी त्याला जागेवर नोकरी दिली असती. कुणीच काढली नाही.

त्याऐवजी सूचना आली की नेवाळीला असा बेल्ट टाका, म्हणजे एवढी जमीन लागणार नाही. नेवाळीची महायुद्धातली धावपट्टी आणि तिच्या जमिनीवरून 2017 मध्ये पेटलेलं आंदोलन आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण विमान पुढे जाणारच असल्यामुळे बेल्टही धावपट्टीइतकाच लांब लागेल. लांबीचं भय आम्हाला नाही. मेघालयातून बांगलादेशात चुनखडी नेणारा बेल्ट 17 किलोमीटरचा आहे. भय वेगाचं आहे. आमचे चपळ सॉर्टर सेकंदाला अडीच मीटर पळतात, म्हणजे ताशी 9 किलोमीटर.

धावपट्टी खरोखर आखूड करायची असेल तर विमानाला पुढे ढकलावं लागतं किंवा समोरून वारा द्यावा लागतो. पंखांना जमिनीचा वेग कळत नाही, हवेचा कळतो. मुंबईहून सुटणारी बहुतेक विमानं समुद्राच्या दिशेने उडतात ती पश्चिमेचा वारा तोंडावर घ्यायला. पुढे मुंबईत संग्रहालय झालेल्या जुन्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवर वाफेचं कॅटापल्ट होतं, तरी जहाज वाऱ्याच्या तोंडावर पळवावं लागे. 1971च्या युद्धात बॉयलरला तडा गेल्याने तिचा वेग घटला, तेव्हा अलिझे विमानांना डेकवर पुरेसा वारा मिळेल का, ही मोठी चिंता होती. बेल्ट चाकांखालून धावतो. पंखांवरची हवा तो हलवत नाही.

या दिवाळीत कुणी हा प्रश्न काढलाच, तर उत्तर देण्याआधी बेल्टचा वेग कशाशी जुळवायचा आहे ते त्याच्याकडून लिहून घ्या. ‘विमानाशी’ म्हणाला तर विमान उडेल. ‘चाकाशी’ म्हणाला तर प्रश्न परत करा.