रेव्हलस्टोकचा बर्फ आणि लांब पट्टा

गावांना देवदेवतांची, राजांची किंवा नद्यांची नावे मिळतात. एखाद्या सावकाराच्या नावाने गाव ओळखले जावे, असे सहसा घडत नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील रेव्हलस्टोक हे गाव त्याला अपवाद आहे. 1885 साली कॅनडाच्या पूर्व-पश्चिम टोकांना जोडणाऱ्या कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे काम शेवटच्या टप्प्यात आले असताना कंपनीची तिजोरी रिकामी झाली होती. त्या वेळी लंडनच्या बेअरिंग ब्रदर्स या पेढीने ग्लिन, मिल्स या दुसऱ्या पेढीच्या साथीने रेल्वेचे न विकले गेलेले रोखे घेतले आणि काम तडीस गेले. बेअरिंग पेढीचे प्रमुख एडवर्ड बेअरिंग हे लॉर्ड रेव्हलस्टोक या पदवीने ओळखले जात. पूर्वी फार्वेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोलंबिया नदीकाठच्या वस्तीला कृतज्ञतेपोटी त्यांचे नाव देण्यात आले. योग्य वेळी दिलेल्या कर्जाचे असे स्मारक क्वचितच पाहावयास मिळते.

व्हँकुव्हरहून कॅलगरीकडे जाणारा महामार्ग या गावावरून जातो. एका बाजूस मोनाशी आणि दुसऱ्या बाजूस सेल्कर्क या पर्वतरांगा आहेत आणि मधल्या खोऱ्यात सुमारे आठ हजार वस्तीचे हे टुमदार गाव वसलेले आहे. प्रशांत महासागरावरून येणारे बाष्प या डोंगरांना अडते आणि हिवाळ्यात येथे अपरंपार बर्फ पडतो. गावाजवळच्या माउंट कोपलँड येथे 1971-72 च्या एका हिवाळ्यात 24 मीटरांहून अधिक बर्फ पडल्याची नोंद आहे. कॅनडात एका हंगामात पडलेल्या बर्फाचा तो उच्चांक होय. बर्फ पडत असतानाच खाली दबत जातो, म्हणून इतका थर एका वेळी कधीच उभा राहत नाही. तरीही आठ मजली इमारतीच्या उंचीइतका बर्फ एका मोसमात आकाशातून उतरला, ही कल्पनाच पुरेशी आहे. आपल्याकडे कोकणातला पाऊस जसा शेतीचे, घराच्या छपराचे आणि सोयरिकीच्या मुहूर्ताचे वेळापत्रक ठरवतो, तसा येथे बर्फ सर्व काही ठरवतो.

या बर्फावर येथील अनेकांची उपजीविका चालते. हिवाळ्यात दूरदूरहून लोक ट्रेलरवर आपापली स्नोमोबाईल लादून येतात, हॉटेलांत उतरतात आणि पहाटे डोंगराची वाट धरतात. स्नोमोबाईल म्हणजे बर्फावरची मोटारसायकल. पुढे चाकाऐवजी दोन स्की असतात आणि मागे चाकाच्या जागी सलग फिरणारा रुंद रबरी पट्टा असतो. पट्ट्यावर आडवे रबरी दाते असतात. ते बर्फ मागे लोटतात आणि यंत्र पुढे जाते.

या यंत्राचा उगम मात्र मौजेत नाही. कॅनडाच्याच पूर्वेकडील क्विबेक प्रांतात व्हालकूर नावाचे गाव आहे. तेथील जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए या तरुण कारागिराचा दोन वर्षांचा मुलगा 1934 च्या हिवाळ्यात पोटाच्या आजाराने दगावला. रस्ते बर्फाखाली गेले होते आणि रुग्णालयापर्यंत पोहोचण्याचे साधन नव्हते. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग बॉम्बार्डिए आधीपासून करीत होते. 1937 साली त्यांनी दातेरी चाक आणि पट्टा यांच्या रचनेचे पेटंट मिळवले आणि सात जणांना नेणारी बर्फगाडी तयार केली. डॉक्टर, टपाल आणि शाळकरी मुले अशा गाड्यांतून प्रवास करू लागली. एका-दोघांनी बसून चालवण्याची छोटी ‘स्की-डू’ 1959 मध्ये आली. तिची पहिली गिऱ्हाइके दूरच्या वस्त्यांवर काम करणारी माणसे होती. खेळाचे दिवस नंतर आले.

सपाट, दाबून टणक केलेल्या वाटेवर साधा पट्टा उत्तम चालतो. रेव्हलस्टोकच्या डोंगरावर मात्र ताजा, पिठासारखा बर्फ असतो. एका घनमीटर ताज्या बर्फाचे वजन अवघे 50 ते 100 किलो भरते, म्हणजे त्यात बहुतांश हवाच असते. अशा बर्फावर साधे यंत्र नेले की मागचा भाग खाली बसतो, पट्टा स्वतःचाच खड्डा खणतो आणि चालक छातीपर्यंतच्या बर्फात उतरून फावडे हाती घेतो. काळ्या रानात पावसाळ्यात लोखंडी धावेची बैलगाडी रुतलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. त्याच गाडीला रुंद रबरी टायर लावले की ती चिखलातून निघते, कारण वजन तेच असले तरी ते अधिक जागेवर वाटले जाते. स्नोमोबाईलचा पट्टा लांब करण्यामागे हेच तत्त्व आहे.

हिशेब सोपा आहे. वाटेवर चालणाऱ्या यंत्राचा पट्टा साधारण 15 इंच रुंद आणि पूर्ण फेरीत मोजल्यास 121 इंच लांब असतो. त्याजागी 151 इंचांचा पट्टा बसवला, तर 30 इंचांची वाढ वर आणि खाली अशी विभागली जाते व बर्फाला टेकणारी लांबी सुमारे 15 इंचांनी वाढते. समजा, आधी 40 इंच लांबी टेकत होती आणि यंत्र व चालक मिळून 300 किलो भार पट्ट्यावर येत होता. 600 चौरस इंचांवर 300 किलो म्हणजे दर चौरस इंचास अर्धा किलो. आता 825 चौरस इंच झाले. वाढीव सामानाचे 10 किलो धरले तरी दर चौरस इंचास 375 ग्रॅमच्या आसपास भार पडतो. पाव हिस्सा भार कमी झाला. या पाव हिश्श्यात रुतणे आणि तरंगणे यांतला फरक असतो. डोंगरासाठी कारखान्यांतूनच तयार होऊन येणाऱ्या यंत्रांचे पट्टे आता 154, 165 आणि 175 इंचांपर्यंत गेले आहेत. ज्यांच्याकडे जुने, आखूड पट्ट्याचे यंत्र आहे आणि नवे घेण्याची ऐपत किंवा इच्छा नाही, ते गॅरेजची पायरी चढतात.

तेथे अनुभवी कारागीर आधी यंत्राकडे पाहत नाही, जायचे कोठे ते विचारतो. वाटेवर फिरायचे असेल तर पट्टा वाढवू नये, असेच तो सांगतो. डोंगरात जायचे ठरलेच तर कामाची यादी निघते. नुसता पट्टा आणून चढवता येत नाही. पट्ट्याला आतून आधार देणारे ॲल्युमिनियमचे रूळ जोडतुकडे लावून वाढवावे लागतात किंवा डोंगरी यंत्राचे संपूर्ण मागचे सस्पेन्शन बसवावे लागते. रुळांखालच्या प्लास्टिकच्या सरकपट्ट्याही त्याच मापाच्या लागतात. पट्ट्यावर झाकण धरणारा धातूचा भाग, ज्याला कारागीर टनेल म्हणतात, तो मागे वाढवावा लागतो. नाहीतर पट्टा बाहेर उघडा राहतो आणि मागून येणाऱ्यास इजा होऊ शकते. वाटेवरच्या पट्ट्याचे दाते एक-सव्वा इंचाचे असतात, तर खोल बर्फासाठी ते दोन-अडीच इंचांचे लागतात. इतके उंच दाते टनेलच्या आतल्या रेडिएटरला घासू नयेत म्हणून पट्टा फिरवणारे दातेरी चाक लहान बसवावे लागते. पट्ट्यावरील खाचांचे अंतर आणि चाकाच्या दात्यांचे अंतर एकच असावे लागते. तेथे चूक झाली तर सारा खर्च वाया जातो.

पट्टा लांब आणि जड झाला की तो फिरवण्यास इंजिनास जास्त जोर लागतो. त्यातच समुद्रसपाटीपासून दर 300 मीटर वर गेले की विरळ हवेमुळे साध्या इंजिनाची ताकद सुमारे तीन टक्क्यांनी घटते. म्हणून साखळीच्या पेटीतील चक्रे बदलून गिअरचे प्रमाण उतरवले जाते आणि क्लचमधील वजने व स्प्रिंगा नव्याने जुळवल्या जातात. शेवटी पट्ट्याचा ताण आणि त्याची सरळ रेषा तपासतात. पट्टा जरा तिरका राहिला तरी तो रुळाची एक बाजू खाऊन टाकतो.

यातील खर्चाची बाजूही नीट मांडली पाहिजे. यंत्राचा सर्वाधिक वेग कमी होतो. वळण मोठे लागते. इंधन अधिक जळते. टणक वाटेवर सैल बर्फ उडत नसल्याने सरकपट्ट्या आणि इंजिन दोन्ही तापतात, कारण या यंत्राला गारवा आणि वंगण बर्फच पुरवतो. त्यासाठी टोकदार तारा लावून वाटेवरचा बर्फ खरवडत जावे लागते. सुटे भाग आणि मजुरी यांची बेरीज कधीकधी डोंगरासाठीच बनलेल्या जुन्या यंत्राच्या किमतीजवळ पोहोचते. तेव्हा प्रामाणिक कारागीर गिऱ्हाइकाला आहे ते यंत्र विकून दुसरे घेण्याचा सल्ला देतो, मग स्वतःची मजुरी बुडाली तरी चालेल. अशा दुकानदाराकडे गिऱ्हाईक पुढच्या हंगामात पुन्हा येते, हे व्यापारी घरांत वाढलेल्यांना सांगायला नको.

मात्र या व्यवहाराची सर्वांत मोठी रक्कम बिलावर लिहिलेली नसते. आखूड पट्ट्याचे यंत्र उताराच्या पायथ्याशीच रुतत असे. ती गैरसोय होती आणि संरक्षणही होते. लांब पट्टा चालकाला थेट त्या उतारांवर नेतो, जेथे हिमस्खलन होते. 30 ते 45 अंशांचा चढ हा या यंत्राच्या आनंदाचा चढ आहे आणि बर्फाचे थर सुटून घसरण्याचाही तोच चढ आहे.

रेव्हलस्टोकला हे नव्याने शिकण्याची गरज नव्हती. गावाच्या पूर्वेस रॉजर्स पास ही खिंड आहे. 4 मार्च 1910 च्या रात्री तेथे रेल्वेमार्गावर कोसळलेला बर्फ उपसण्याचे काम चालू असताना समोरच्या डोंगरावरून दुसरा हिमलोट आला. 58 कामगार गेले. त्यांतील 32 जपानी होते, घरापासून हजारो मैल दूर पोट भरण्यासाठी आलेले. रेल्वेने त्यानंतर खिंडीशी झुंजणे सोडले आणि डोंगराच्या पोटातून आठ किलोमीटरचा बोगदा खोदला. तो 1916 साली सुरू झाला. 1962 मध्ये त्याच खिंडीतून महामार्ग गेला आणि आजही सैन्याच्या तोफा डागून वरचा बर्फ ठरवून, वाहतूक थांबवून पाडला जातो.

एवढा इतिहास उशाशी असूनही 13 मार्च 2010 रोजी, एका शनिवारी, गावाजवळच्या बोल्डर माउंटनवर स्नोमोबाईलस्वारांचा मेळा भरला. त्या दिवसांत हिमस्खलनाचा धोका मोठा असल्याचा इशारा आधीच देण्यात आला होता. प्रेक्षक उताराखाली उभे होते. वरून बर्फ सुटला. दोघांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसास पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर तो वाचण्याची आशा मोठी असते. त्यानंतर ती झपाट्याने ओसरते. तेवढ्या वेळात गावातून कोणीही पोहोचू शकत नाही. सोबत्याच्या अंगावरचे संदेशयंत्र, त्याच्या पाठीवरची काठी आणि फावडे हीच मदत. यंत्राची पोहोच वाढली, पण मदतीची पोहोच तेवढी वाढलेली नाही.

आणखी एक जीव या हिशेबात येतो. या डोंगरांत कॅरिबू नावाचे सांबरासारखे मोठे हरीण राहते. निसर्गाने त्याला पसरट खूर दिले आहेत. खोल बर्फावर ते रुतत नाही. उलट बर्फाचा थर जितका उंच, तितके ते झाडांवरच्या लोंबत्या दगडफुलासारख्या शेवाळाच्या जवळ पोहोचते आणि त्यावर हिवाळा काढते. लांडग्याचे पाय बर्फात रुततात, म्हणून खोल बर्फ हेच कॅरिबूचे अभयारण्य होते. स्नोमोबाईलने दाबून टणक केलेल्या वाटेवरून मात्र लांडगाही सहज वर येऊ शकतो. माणसाने स्वतःच्या आनंदासाठी केलेली वाट दुसऱ्याच्या जिवावर उठते, तीही वाट करणाऱ्याच्या नकळत. कॅरिबूंची संख्या फार घटल्यामुळे प्रांतिक सरकारने रेव्हलस्टोकच्या परिसरातील काही उतार स्नोमोबाईलसाठी बंद केले आहेत. त्यांत अनेकांच्या आवडीच्या जागाही आहेत. तेथे जाण्याची ताकद यंत्रात आहे, तरी जायचे नाही, असा हा नियम आहे.

ज्यांच्या नावाने हे गाव ओळखले जाते, त्या लॉर्ड रेव्हलस्टोक यांची पुढची कथाही येथे आठवते. 1885 साली रेल्वे वाचवणाऱ्या त्यांच्या पेढीने पुढे अर्जेंटिनाच्या रोख्यांत आपल्या कुवतीबाहेर रक्कम गुंतवली. 1890 मध्ये पेढी बुडण्याच्या टोकावर आली आणि बँक ऑफ इंग्लंडने इतर बँकांची हमी गोळा करून तिला सावरले. पाच वर्षांपूर्वी दुसऱ्याला तारणारी पेढी स्वतः रुतली होती. तिचे नशीब इतकेच की बाहेर काढणारे जवळ होते.

हिवाळ्यात पहाटे बोल्डर माउंटनच्या पायथ्याशी ट्रेलर येऊन थांबतात. जाणती मंडळी यंत्र उतरवण्याआधी त्या दिवसाचा हिमस्खलनाचा अहवाल वाचतात, एकमेकांची संदेशयंत्रे चालू आहेत का ते तपासतात आणि बंद उतारांचा नकाशा पाहतात. धोका मोठा असेल तर काही जण झाडीतल्या सौम्य उतारावरच दिवस घालवतात, तर काही ट्रेलर परत वळवतात. पट्टा 121 इंचांचा असो की 175 इंचांचा, त्या दिवशी तो ट्रेलरवरच राहतो. संध्याकाळी सारे घरी जेवायला असतात.