सुनौलीच्या कमानीपलीकडे

मैत्रिणींनो, परदेश म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विमान येतं, नाही का? पण मांडीवर दशम्यांचा डबा घेऊन, बोईसरहून बसनंही परदेशी जाता येतं बरं का! मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि पालघर, बोईसर, तारापूरची आम्ही चाळीस माणसं निघालो. नाशिक, इंदूर, झाशी, लखनौ, गोरखपूर करत चौथ्या दिवशी सकाळी बस सुनौलीला थांबली. समोरच्या कमानीपलीकडे नेपाळ!

१९५० च्या करारामुळे आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही. आम्ही चालतच पलीकडे गेलो. बसचं मात्र ‘भन्सार’, म्हणजे जकातीचे सोपस्कार, उरकायला दोन तास लागले. तेवढ्यात घड्याळं लावून घेतली, कारण नेपाळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. कॅलेंडर तर विक्रम संवताचं, त्यामुळे एकदम सत्तावन्न वर्षं पुढे! (त्या हिशेबानं वय मात्र मोजायचं नाही हं!)

पाट्या देवनागरीत, म्हणून वाचता सगळं येतं. अर्थ लावताना गंमत होते. ‘पसल’ म्हणजे दुकान. ‘खाजा घर’ दिसताच आमच्यातल्या दोघी खाज्यांच्या आशेनं आत शिरल्या. तिथे खाजा म्हणजे नाश्ता! पुढ्यात आले पोहे आणि चण्याची उसळ. वाढणारीनं विचारलं, “मिठो छ?” आम्ही म्हटलं, मीठ बरोबर आहे. ती विचारत होती, चव आवडली का?

जवळच लुंबिनी. राणी मायादेवी बाळंतपणासाठी माहेरी, देवदहला निघाली होती आणि वाटेत इथेच बुद्धाचा जन्म झाला, असं सांगतात. शेजारी अशोकाचा स्तंभ आहे. राजानं स्वतः इथे येऊन गावाचा कर कमी केला, असं त्यावर कोरलंय. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या सोपाऱ्यालाही १८८२ साली अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला होता. एवढ्या लांब येऊन ओळखीचं माणूस भेटावं, तसं वाटलं.

माहेराला नेपाळीत ‘माइत’ म्हणतात. आपली हरितालिका तीच त्यांची तीज. लाल साड्या, निर्जळी उपवास आणि आदल्या रात्री माहेरी पोटभर जेवण. हे मला सांगितलं पाल्पाच्या घाटातल्या चहावालीनं. बुटवल सोडलं की लगेच डोंगर सुरू होतो, वळणांनी आमच्या निम्म्या बसचे चेहरे पिवळे पडले होते. तिनं सगळ्यांना आल्याचा चहा पाजला. तिशीची असेल. गळ्यात लाल मण्यांची पोत, हीच तिकडची सौभाग्याची खूण.

मुंबईकडून आलो म्हटल्यावर ती हातातलं काम टाकून जवळ बसली. नवरा तिकडेच वॉचमन आहे, दोन वर्षांतून एकदा येतो. मोडक्या हिंदीत तिनं विचारलं, “तिकडे थंडी किती पडते?” मी म्हटलं, “थंडी कसली! बारा महिने घाम.” ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, “स्वेटर विणून पाठवला होता. फोटोत कधी अंगावर दिसला नाही.” चेहरा मात्र उजळला होता. मी पिशवीतल्या डहाणूच्या चिकूच्या वाळवलेल्या फोडी तिच्या हातावर ठेवल्या. तिनं चहाचे पैसे घेतले नाहीत.

मग पोखराचा तलाव पाहिला, पशुपतिनाथाचं दर्शन झालं. २०१५ च्या भूकंपानंतर पुन्हा उभा केलेला धरहरा मनोराही पाहिला. सगळं छान, पण मनात राहिला तो रस्ताच. आम्ही हौसेनं आलो, त्याच वाटेनं तिकडचे पुरुष पोटासाठी आपल्याकडे येतात आणि आपल्या सोसायट्यांच्या दाराशी रात्री जागतात.

तुम्ही जाणार असाल, तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ असू द्या. शंभराच्या नोटा घ्या. शंभर रुपयांचे तिकडचे एकशे साठ होतात. घाटासाठी आवळा सुपारी आणि उलटीच्या गोळ्या विसरू नका. आणि हो, निघण्याआधी आपल्या वॉचमनदादांना त्यांचं गाव विचारून ठेवा. कुणी सांगावं, वाटेवरच असेल!