सिग्नल 11

लेहमध्ये हिवाळ्यात रोल कॉल झाला की बुखारीभोवती बसण्याखेरीज फारसं काम उरत नाही. आमच्यातला एक नायक, गडहिंग्लजकडचा, या वेळात जुन्या लॅपटॉपवर लिनक्स शिकत होता. पेन्शनला दोन वर्षं उरलेली. सिव्हिलमध्ये जाऊन गेटवर गार्ड म्हणून उभं राहायचं नाही, एवढं त्याचं पक्कं होतं.

पण कर्नल (सीओ साहेब नव्हेत, लिनक्सचा गाभा) कंपाइल करायला घेतला की मध्येच सगळं बंद. ‘इंटर्नल कंपायलर एरर, सेगमेंटेशन फॉल्ट’. म्हणजे सिग्नल 11. आठवडाभर हेच. "साहेब, आपल्या डोक्याला हे झेपायचं नाही," म्हणाला.

मी त्याला तीनदा तीच कमांड द्यायला लावली. तिन्ही वेळा गाडी वेगळ्या फाइलवर अडली, आणि आधी अडलेली फाइल पुढच्या खेपेला बिनबोभाट पार झाली. कोडमधली चूक अशी गाव बदलत नाही. कंपायलर मेमरीचा कोपरान् कोपरा वापरतो, त्यात पत्त्यांचे पत्ते साठवतो. एक बिट पलटला की तो भलत्याच दारात जाऊन उभा राहतो. फोटोत तोच बिट पलटला तर एखादा ठिपका बिघडेल, डोळ्याला कळणारही नाही.

रात्रभर मेमटेस्ट86+ लावून ठेवला. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी. प्रत्येक फेरीत तोच पत्ता, तोच बिट. बराकीत कुणीतरी उंचीवरच्या वैश्विक किरणांना दोष दिला. उंचीवर त्यांचा मारा जास्त असतो आणि त्यानं बिट पलटू शकतो, हे खरंच. पण किरण काही दर फेरीला त्याच घराची कडी वाजवायला येत नाही.

4 जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. एकेक काढून, स्लॉट बदलून तपासल्या, कारण दोष स्लॉटचाही असू शकतो. खराब पट्टी कुठल्याही स्लॉटमध्ये खराबच निघाली. उरलेल्या एकीवर कर्नल हळूहळू, पण शेवटपर्यंत कंपाइल झाला. पोरगा स्क्रीनसमोरून हलला नाही, जेवण थंड झालं.

खरी काळजी मला पुढची होती. खराब मेमरीतून गेलेली फाइल डिस्कवर बिघडूनच बसते, आणि पट्टी काढल्यानं ती सुधारत नाही. म्हणून सिस्टम नव्यानं टाकली. त्याआधी त्यानं मुलीचे फोटो या लॅपटॉपवर उतरवले होते. सुदैवानं मूळ मेमरी कार्ड त्यानं पुसलं नव्हतं. दोन्हीकडचे चेकसम ताडून पाहिले. तीनशेपैकी दोन जुळले नाहीत. ते त्यानं कार्डावरून पुन्हा उतरवून घेतले.