फरक सापडला!

बँकेत वीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला एक खोड जडते. हिशेब जुळला नाही की चूक समोरच्याची आहे असे तो आधी जाहीर करतो आणि मग शोधायला बसतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे ही खोड मला शास्त्रोक्त पद्धतीने जडली आहे.

गेल्या दिवाळीत आमच्या संगणकातली साठवणीची हार्ड डिस्क कटकट करू लागली. हा शब्द मी अलंकारिक अर्थाने वापरत नाही. ती खरोखरच कट्‌ कट्‌ असा आवाज करी. आमच्या कारंज्यावरून शकुंतला रेल्वे धावत होती तेव्हा रुळांच्या सांध्यांवर असाच आवाज येई. पुढे शकुंतला बंद पडली, त्यामुळे मला या आवाजाची धास्तीच आहे.

त्या डिस्कवर मुलीच्या बारशापासूनचे फोटो होते. त्यांतले पुष्कळसे नातेवाइकांकडेही सापडले असते. पण आईचा आवाज फक्त तिथेच होता. श्रीनृसिंहसरस्वतींच्या जन्मगावी राहून गुरुचरित्र वाचायचे नाही, हे तिला विहिरीकाठी राहून तहानलेले राहण्यासारखे वाटे. ती जाण्याच्या आदल्या वर्षी तिचे वाचन मी मोबाइलवर टिपून घेतले होते. एकच अध्याय. एकच प्रत.

तेव्हा अमरावतीहून १ टीबीची नवी डिस्क आणली. वहीएवढीही नाही! १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत मावत होती जेमतेम ५० लाख अक्षरे. ती घरी आणायची तर मला घर विकावे लागले असते. नवी डिस्क मी पिशवीत घालून एसटीने आणली.

लावली, तर संगणकाने ओळखच दाखवली नाही. "फसवलं!" मी म्हणालो. भाचा हसला. "मामाजी, डिस्क कोरी हाय. आधी विभाग पाडा लागते, फॉरमॅट करा लागते." म्हणजे केवायसी झाल्याशिवाय खाते उघडणार नव्हते. हे मला पटले.

खाते उघडले आणि पडद्यावर आकडा आला ९३१. पैसे हजाराचे घेतले आणि माल ९३१? फरक ६९! फरकाला ९ ने भाग गेला तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली, असे आम्ही समजतो. ६९ ला ९ ने भाग जाईना. म्हणजे ही चूक नव्हे, अफरातफरच! मी दुकानदाराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, कारखाना हजाराने मोजतो, तुमचा संगणक १०२४ ने. माल तेवढाच आहे." मी कॅल्क्युलेटर काढला. माल खरोखरच तेवढा होता.

तिसरा प्रसंग मात्र गंभीर होता. चाचणीसाठी आमच्या लग्नाचे चित्रण नव्या डिस्कवर उतरवायला घेतले. मंगलाष्टके सुरू झाली आणि डिस्क नाहीशी झाली. पुन्हा सुरू केले, पुन्हा मंगलाष्टकांतच नाहीशी. "लग्न लागू नये अशी त्या डिस्कचीही इच्छा दिसते," सौ. म्हणाली. मी दुकानदाराला पुन्हा फोन केला. "केबल बदलून पाहा, साहेब," तो म्हणाला. आपला माल खराब निघाला की लोक दोरीला दोष देतात, हे मी त्याला ऐकवले.

भाच्याने केबल, जागा, वीजजोडणी सगळे एकदम बदलायला घेतले. इथे मात्र माझ्यातला कारकून जागा झाला. चार व्हाउचर एकदम बदलली, तर फरक कोणत्यात होता हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची! आणि जुनी डिस्क या भानगडीत घ्यायची नाही. ती मी स्वतः काढून देवघराच्या कपाटात ठेवली.

मग भाच्याने डिस्कचे 'स्मार्ट' नावाचे पासबुक उघडले. डिस्क आपल्या दुखण्यांची नोंद स्वतःच ठेवते! निकामी होऊन बदललेल्या जागा शून्य. पण सीआरसी चुका ३१७. म्हणजे काय? तर माहितीबरोबर तिची बेरीजही येते. बेरीज जुळली नाही तर कॅशिअर जसे नोटांचे बंडल परत सरकवतो, तशी ती माहिती पुन्हा मागवली जाते. "म्हणजे तबकडी चांगली हाय, मामाजी. माल रस्त्यात खराब होऊन राहिला."

रस्ता म्हणजे केबल. ती कुणाची? माझी. दसऱ्याच्या साफसफाईत डब्यात कोंबून काटकोनात वाकवली कुणी? मीच.

नवी केबल आणली, फक्त केबलच बदलली. लग्न निर्विघ्न पार पडले. आकडा ३१७ वरच थांबला. मग कपाटातून जुनी डिस्क काढली. सगळे सोडून आधी आईचा अध्याय उतरवला. दोन मिनिटे ती कटकटली. मी श्वास रोखून बसलो होतो.

उतरला. लावून पाहिला. पोथी वाचताना मध्ये बोलू नये हा नियम आईनेच आम्हाला शिकवलेला. तोच मोडून ती अध्यायाच्या ऐन मध्यावर म्हणाली, "अरे, तो मोबाइल ठेव बाजूला. दूध उतू चाललं, ते पाह्य."

सौ. खरोखरच स्वयंपाकघरात धावली.

दुसऱ्या दिवशी त्या अध्यायाची आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर काढून बहिणीकडे पाठवली. नवी डिस्क चांगली आहे. पण बँकेतही लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतो. मग दुकानदाराला फोन केला आणि माफी मागितली. वीस वर्षांत समोरच्याची चूक नव्हती अशी ही माझी पहिलीच लेखी नोंद. तीही बँकेबाहेरची असल्यामुळे करता आली.