नवसाचं आणि गिरणीचं पाणी

चेस्टरहून निघालेली गाडी फ्लिंटला सोडून बस धरली, की उत्तर वेल्समधलं हॉलीवेल फार लांब राहत नाही. गावातून उतारानं खाली आलं की टेकडीच्या पोटात बसवलेली दगडी वास्तू दिसते. वर चॅपेल, खाली संत विनिफ्रेडचा झरा. कुंड ताऱ्याच्या आकाराचं, त्यावर कोरीव कमानींचं छत. ही इमारत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची, पण यात्रा त्याहून कितीतरी जुनी.

कथा सातव्या शतकातली आहे. विनिफ्रेडनं नाकारलं म्हणून कॅरडॉग नावाच्या सरदारपुत्रानं तिचं डोकं उडवलं. ते पडलं तिथे झरा फुटला. तिचे मामा संत ब्यूनो धावत आले, त्यांनी शिर धडाला जोडलं आणि पोरगी उठून बसली. पुढे ती जोगीण झाली आणि बरीच वर्षं जगली. कुंडातल्या दगडांवरचे तांबडे डाग भाविकांच्या लेखी तिचं रक्त. शेवाळाचं नाव सांगून काही उपयोग नाही.

आतल्या कुंडातून तीनदा पार व्हायचं, मग बाहेरच्या हौदातल्या ब्यूनोच्या दगडापाशी गुडघे टेकायचे, असा इथला रिवाज. बरे झालेले लोक आपल्या कुबड्या इथेच ठेवून जात. त्यांतल्या काही शेजारच्या दालनात मांडल्या आहेत. मला चमत्कारांत फारसा रस नाही, तरी त्या घासलेल्या लाकडासमोर मी चर्चा करायला गेलो नसतो.

आठव्या हेन्रीनं मठ मोडले, तेव्हा या झऱ्याची देखभाल करणारा बेसिंगवर्कचा मठही गेला. श्रूजबरीला नेलेल्या विनिफ्रेडच्या अस्थींची धूळधाण झाली. यात्रा मात्र थांबली नाही. कॅथलिक पंथावरच्या बंदीच्या काळात जेझुइट पाद्री गावातल्या खाणावळींच्या आडोशानं यात्रेकरूंना सांभाळून घेत. एक नवस तर राजघराण्याचा. दुसरा जेम्स आणि राणी मेरी पुत्रासाठी इथे आले होते. जून १६८८ मध्ये मुलगा झाला. पण गादीला कॅथलिक वारस मिळणार या धास्तीनं देश उलटला आणि त्याच वर्षाअखेर जेम्सला फ्रान्सला पळावं लागलं. नवस फळला आणि गादी गेली!

झऱ्याचं वाहतं पाणी डी नदीच्या खाडीकडे जाताना ग्रीनफील्डच्या खोऱ्यातून उतरतं. मी त्याच्या कडेनं चालत गेलो. हिरवीगार, निवांत वाट आहे. पण पावलोपावली पडक्या भिंती, बांध आणि तलाव. १७७७ मध्ये जॉन स्मॅली यानं इथे सूतगिरणी काढली. तांब्यापितळेचे कारखानेही इथे होते. जहाजांच्या तळाला ठोकायचे पत्रे इथे निघत, आणि पश्चिम आफ्रिकेत माणसं विकत घ्यायला चलन म्हणून चालणारी पितळी कडीही. वर पांगळ्यांना उभं करणारं तेच पाणी खाली या कड्यांसाठी चाकं फिरवत होतं. झऱ्यापाशी थांबून परत फिरणाऱ्यांना यातलं काहीच दिसत नाही. माझ्या मते हे खोरं पाहिल्याशिवाय हॉलीवेल पाहिलं असं होत नाही.

आठव्या हेन्रीला जे जमलं नाही ते शेवटी खाणीनं केलं. जवळच्या शिसे-जस्ताच्या खाणींतलं पाणी काढायला खणलेला भुयारी मार्ग झऱ्याच्या भूमिगत वाटेला भिडला आणि जानेवारी १९१७ मध्ये कुंड कोरडं पडलं. त्याच वर्षी दुसऱ्या भूमिगत प्रवाहाचं पाणी वळवून आणलं गेलं. आज कुंडात आहे ते हेच, पूर्वीपेक्षा कमी जोराचं.

परत वर आलो तेव्हा एक मल्याळी कुटुंब बाटल्या भरत होतं. पाणी मध्येच बदललं हे मी त्यांना सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं, बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि नातवाला दुसरी बाटली पुढे करायला सांगितली.